शिट्टी वाजली की खाली पडायचं

सुरुंग उडवण्याआधी शिट्टी वाजवायची, हा आमच्या खाणीचा नियम. एका दुपारी मुकादमाने ती वाजवली नाही आणि माझी आई दगडांखाली गेली. माझ्या वडिलांनी, आबांनी, जाब विचारला, तर मुकादमाच्या माणसांनी त्यांना खडीच्या ढिगावर पाडलं आणि घणाच्या दांड्यांनी बरगड्या मोडल्या. बघायला सगळी खाण होती. बोललं कुणी नाही. बरगड्या जेमतेम सांधल्या आणि आबा पुन्हा त्याच खाणीत गेले, कारण झोपडी मुकादमाच्या जागेत होती.

तेव्हापासून शिट्टी वाजली की आबा हातातलं टाकून माझ्यावर झेप घ्यायचे, मला मातीत पालथं पाडायचे आणि वर आडवे व्हायचे. माझ्या कोपरांवर त्याचे व्रण आहेत. तशाच खरचटलेल्या कोपरांनी मी अभ्यास केला आणि इंजिनिअर झाले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते.

पुढे केंब्रिजला नोकरी लागली आणि एका उन्हाळ्यात आबांना बोलावून घेतलं. ऑफिसातली माझी मैत्रीण लंडनमधल्या एजवेअरची, तिथेच जन्मलेली. तिला खनिजांचा नाद. उत्तरेकडच्या डोंगरात एक जुनी खाण होती. तिकीट काढून आत जायचं, दगड फोडायचे, जांभळा स्फटिक सापडला तर घरी न्यायचा.

"आबा, तुम्ही पण चला ना. खूप मज्जा येतो," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

कारमध्ये आबा माझ्या कानाशी आले. "पैसे देऊन दगड फोडतात? शाप आहे काय यांना कुणाचा?"

"हौस आहे, आबा."

"आपल्या मुकादमाला सुचलं नाही बघ. त्यानं आपल्यालाच तिकीट लावलं असतं."

खाणीत आबांनी हातोडीला हात लावला नाही. खिशात हात घालून माझ्यामागे उभे राहिले. संध्याकाळी बंद करायची वेळ झाली तशी मालकिणीने शिट्टी वाजवली.

मी उकिडवी बसून छिन्नी ठोकत होते. आबा मागून आदळले. माझं तोंड खडकावर आपटलं, ओठ फाटला, पुढचा दात तुटला. त्यांचा गुडघा माझ्या पाठीत, पंजा डोक्यावर. "हलू नको, पोरी, हलू नको."

लोकांना दिसलं ते एवढंच, की एक म्हातारा बाईला दगडावर आपटतोय. शेजारच्या खड्ड्यातल्या दांडग्या माणसाने आबांना कॉलर धरून ओढलं, पोटात गुडघा घातला, हात पिरगाळून चिखलात दाबलं आणि त्याच बरगड्यांवर बसला. मालकिणीने पोलिसांना लावायला फोन काढला. मैत्रीण रडायला लागली. आबांनी मान आत घेतली आणि गप्प पडून राहिले. मार कसा खायचा, ते त्यांना ठाऊक होतं.

मी उठले. त्या माणसाचे केस मुठीत धरून त्याचं डोकं मागे खेचलं. कॉलेजात घोकून कमावलेलं इंग्रजी तोंडातल्या रक्तासकट बाहेर आलं.

"ऊठ त्यांच्यावरून. माझे वडील आहेत."

"त्याने तुझा दात पाडलाय."

"दात माझा आहे. बापही माझा आहे. आमच्या खाणीत शिट्टी वाजली की सुरुंग उडतो. माझी आई त्यातच मेली. ते मला वाचवत होते."

मालकिणीने फोन खाली घेतला. माणूस उठला आणि आबांना उठवायला त्याने हात पुढे केला. आबांनी दोन्ही हात कानांवर घेतले.

मी त्यांच्याजवळ चिखलात बसले.

"उडाला नाही?" त्यांनी विचारलं.

"इथे सुरुंग नसतो, आबा. शिट्टी घरी जायची होती."

माझ्या ओठाकडे बघत ते म्हणाले, "मग आधी सांगायचं की."

आमच्या खाणीत आबांना मारलं, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. इथे मी होते, आणि त्यांच्यावर बसलेल्या माणसाला मी उठवलं.