दाना ओलीतलं गॅरेज

प्लास्टिकच्या गाडीचं किट जोडून झालं की डब्यात दोन-चार तुकडे उरतातच. एखादा जादा आरसा, जादा हबकॅप, कुठे लागतो ते कंपनीलाही सांगता येणार नाही असा एखादा दांडा. ते फेकवत नाहीत. आमच्या मंडळींचे किस्सेही असेच साठलेत. घरी सांगायला जावं तर बायको म्हणते, "झालं यांचं सुरू!" म्हणून तुम्हाला सांगतो. हसू आलं तर हसा. मला अलीकडे तितकंसं येत नाही.

मंडळी म्हणजे आम्ही तिघं. दिगूकाका, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. हेमंत मोहिते, दातांचा डॉक्टर. आणि मी, दाल बाज़ारच्या कोपऱ्यावरचा चष्मेवाला. रविवारी दुपारी काकांच्या दाना ओलीतल्या घरी, वरच्या खोलीत जमायचं. त्या खोलीला आम्ही गॅरेज म्हणतो. परदेशी कंपन्या आपले जुने साचे बाहेर काढून साठ-सत्तर वर्षांपूर्वीची किट पुन्हा बाजारात आणतात. ती मागवायची, जोडायची, आणि कुणाच्या माळ्यावर सापडलेली मोडकी गाडी असेल तर नव्या किटमधले तुकडे लावून ती दुरुस्त करायची, एवढाच आमचा उद्योग!

* * *

एकदा कुरियरवाला काकांच्या दाराशी ओरडला, "दिगंबरराव जी, आपकी गाड़ी आई है!"

झालं! समोरच्या गुप्ताजींनी खिडकीतून ऐकलं. संध्याकाळी सहकुटुंब मिठाई खायला हजर. गल्ली अशी, की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाला मागे जावं लागतं.

"गाड़ी तो ले ली, खड़ी कहाँ करोगे?" गुप्ताजींनी काळजीने विचारलं.

काकांनी उठून शोकेसची काच सरकवली आणि बोटभर जागा दाखवली. गुप्ताजी बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले. जाताना मला जिन्यात हळूच म्हणाले, "लड़के के जाने के बाद से ऐसे ही हैं ना?"

मला त्यांचा राग आला.

* * *

हेमंतचा किस्सा त्यामानाने बरा. त्याच्याकडे बारीक ड्रिल, पॉलिशची चाकं, चिमटे, सगळं तयार. पेशंटला इंजेक्शन दिलं की हिरडी बधिर होईपर्यंत हा पठ्ठ्या शेजारच्या ट्रेवर बंपर घासत बसतो.

एकदा घासता घासता रंगून गेला. खुर्चीतले ठाकूरसाहेब तोंडात कापूस घेऊन वाट बघत होते. शेवटी त्यांनी कापूस काढला आणि म्हणाले, "डॉक्टर साहब, पहले उसी का कर लो. उसको ज़्यादा दर्द है!"

आम्ही हे ऐकून पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. बंपर हातात घेऊन म्हणाले, "घासला छान आहेस."

* * *

आता तो लड़का कोण, ते सांगून टाकतो.

मंदार, काकांचा एकुलता एक. बाराव्या वर्षी तापाने गेला. ताप साधाच वाटला होता, आठवड्यात सगळं संपलं. त्याच्या मामाने परदेशातून एक किट आणलं होतं, लांबलचक, मागे पंख फुटलेली अमेरिकन गाडी. मंदारने ती अर्धी जोडली होती. उरलेले तुकडे त्या गडबडीत कुठे गेले, कुणालाच कळलं नाही. काका या नादाला लागले ते तिथून. त्यांना बाकी कुठल्याच गाडीत रस नव्हता. तेच किट पुन्हा निघावं आणि पोराची गाडी पूर्ण करावी, एवढी एकच इच्छा. बाकी सगळं वेळ काढणं.

काकू मात्र रविवारी गॅरेजमध्ये पाऊल टाकत नसत. चहा जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायच्या आणि कप वाजवून खाली जायच्या.

* * *

जुन्या गाडीचा रंग काढायचा तर ती ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवतात. काकांनी एकदा त्यासाठी स्वयंपाकघरातला स्टीलचा मोठा डबा उचलला. शंकरपाळ्यांचा!

हेमंतने कपाळाला हात लावला. "काका, आज तुमची काही खैर नाही."

काकू वर आल्या नाहीत, पण जिन्यातून डबा दिसला. आम्ही दोघं मान खाली घालून बसलो.

"चला," त्या म्हणाल्या, "कशाच्या तरी कामी आला."

मंदार गेल्यापासून त्या घरात शंकरपाळे झाले नव्हते.

* * *

आमच्यात चौथेही होते. गोरखीजवळचे सबनीस सर. ते फक्त जमवायचे, जोडायचे नाहीत. कपाटभर किट, सगळी सीलबंद. विचारलं की म्हणायचे, "रिटायर होऊन जाऊ दे, मग आरामात बसून बनवीन."

रिटायर झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात गेले. मुलगी पुण्याहून आली. तिला कपाट रिकामं करायचं होतं, तिने सगळी किट सरांच्या नातवाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून वाटून टाकली! आम्ही धावत पोचलो तेव्हा अंगणभर चाकं, दारं, बोनेटं. एक चिमुरडी मुलगी पुढची काच डोळ्याला लावून फिरत होती.

हेमंत रडवेला झाला. "काका, बघा ना, सगळं बर्बाद होऊन गेलं!"

काका खाली बसले, एक चाक उचललं, पुसलं आणि त्या मुलीला दिलं. परत येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "निदान कुणी उघडली तरी."

* * *

आणि मग काकांचं किट निघालं.

हेमंतने फोनवर बघितलं आणि दवाखाना अर्धा टाकून दाना ओलीत आला. तीच गाडी, तोच साचा, डब्यावर तेच जुनं चित्र. काकांनी दोन मागवली. आमच्यात तशी रीतच आहे, किट मोलाचं असेल तर दोन घ्यायची. एक फोडायला, एक तसंच सीलबंद ठेवायला. ठेवणीतल्याला कुणी नखही लावत नाही.

डबे आले त्या रविवारी काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. मधोमध मंदारची अर्धी गाडी ठेवली. मी भिंग घेऊन बसलो, हेमंतने गाडी उचलून खालून बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, पुढचा एक्सल उलटा चिकटलाय."

खरंच होतं. पुढच्या चाकांचा दांडाच उलटा, म्हणून गाडीचं नाक वर होतं. तशीच पूर्ण केली असती तर कायम घाट चढतेय असं वाटलं असतं. आणि हे सिमेंट, म्हणजे किटचा गोंद, प्लास्टिक वितळवून जोडतं. ते सुटत नाही, कापावंच लागतं.

"कापू? बारीक ब्लेडने कापतो. मालूम पण नाही पडणार."

काकांनी स्वतःच ब्लेड घेतलं. उभा जन्म ड्रॉइंगमधली रेघ केसभर सरकली तर कागद फाडणारा माणूस. ब्लेड त्या जोडावर टेकवलं आणि तसेच बसून राहिले. हात पुढे जाईना. हेमंत खिडकीकडे बघायला लागला. इतकी वर्षं या दिवसाची वाट बघितली, आणि दिवस आला तो असा.

कप वाजले नाहीत. काकू दारात उभ्या होत्या. किती वेळ होत्या कोण जाणे. आत आल्या, टेबलापाशी थांबल्या, दुसऱ्या डब्यावर बोट ठेवलं.

"यात पण हेच आहे?"

"हो," काका म्हणाले.

"मग खोला."

"अगं, तो ठेवायचा आहे."

"कोणासाठी?"

काकूंनी नखाने सील फाडलं. झाकण काढलं, आतले तुकडे बघितले.

"यातला तो कोणता?"

काकांनी एक्सल दाखवला.

"त्याचावाला राहू द्या," काकू म्हणाल्या. "नव्या गाडीला पण हा तसाच उलटा लावून टाका."

हेमंत काहीतरी बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. काकांनी ब्लेड बाजूला ठेवलं. एक्सल सुटा केला, भिंगाखाली नीट बघून उलटा केला, सिमेंट लावलं आणि नव्या गाडीच्या तळाला दाबून धरला.

"हात हलतोय तुमचा," काकू खुर्ची ओढत म्हणाल्या. "द्या इकडे. सुकेपर्यंत मी धरते."