सही होईपर्यंतचा भाव

गेवराईतलं आमचं घर विकायला काढलं तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो आणि शाळेच्या गॅदरिंगपासून नाटकात कामं केल्याचा मला गर्व होता. खरा नट कसा असतो, ते मला रजिस्ट्री कार्यालयाबाहेरच्या लिंबाखाली कळलं.

गिऱ्हाईक म्हणजे खत-बियाण्यांचा दुकानदार. पांढरा शर्ट, बोटात पोवळ्याची अंगठी, आणि दुकानात गल्ल्यामागे पाटी: 'कृपया भाव करू नये.' घर बघायला तो चार वेळा आला. एकदा एकटा, एकदा बायकोला घेऊन, एकदा वडवणीच्या सासऱ्यांना घेऊन आणि एकदा वास्तुशास्त्र जाणणाऱ्या गृहस्थांना घेऊन. ते गृहस्थ होकायंत्र धरून आमच्या मोरीत दहा मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. आत पाणी साचलं होतं, तरी उभे राहिले. शेवटी बत्तीस लाखांवर सौदा ठरला. नारळ फुटला, पेढे वाटले, विसार हातात पडला.

त्या बत्तीस लाखांच्या भरवशावर मी बीडला एक घर ठरवून मोकळा झालो होतो. बायकोचे गुडघे गेलेले, दवाखाना जवळ हवा होता. महिनाअखेरपर्यंत पूर्ण रक्कम दिली नाही तर माझा तिथला विसार बुडणार आणि घर दुसऱ्याच्या घशात जाणार, असं कागदावर लिहून दिलं होतं. आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही. हे सगळं मी या दुकानदाराला चहा पाजता पाजता रंगवून सांगितलं होतं. त्यानं किती मन लावून ऐकलं म्हणता! मधे मधे "अरेरे" सुद्धा म्हणाला.

घर वडिलांच्या नावचं, म्हणून थोरल्या बहिणीचीही सही लागत होती. आक्का सकाळच्या एसटीनं वडवणीहून आली. सहीला आलेल्या बहिणीला भावानं साडी घ्यायची आमच्याकडे रीत आहे. ती साडी मी आदल्या दिवशीच घेऊन ठेवली होती. साक्षीदार नाश्ता करून ढेकर देत होते. सर्व्हर बंद पडला होता, त्यामुळे सगळं सुरळीत चाललंय असं वाटत होतं.

इतक्यात दुकानदारानं मला बाजूला घेतलं आणि एक सुस्कारा सोडला. असा सुस्कारा मला आयुष्यात जमला नाही.

"काका, सासरे न्हाई म्हणू लागले."

"कशाला?"

"घराला. दार दक्षिणेला हाय म्हणतेत."

"अहो, चारही वेळा दार दक्षिणेलाच होतं की!"

"व्हय, पण त्यांच्या ध्यानात आत्ता आलं. मी भांडलो त्यांच्याशी. म्हणलो, काकाला शब्द दिलाय. तर म्हणतेत, तिसाला देत असतील तर घे, न्हाईतर सोड." मग आवाज खाली आणून, डोळे ओलसर करून, "तुमचं बीडचं घर अडकंल, काका. मला तर तुमचीच काळजी लागलीय."

दाद द्यावी की थोबाडीत द्यावी, कळेना. दस्तलेखकाकडे बघितलं, तर त्यानं संगणकावरून मानसुद्धा वर केली नाही.

"आकडा बदलायचा का? आमी आकडा शेवटीच टाकतो. लई अनुभव हाय."

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. महिना संपायला आठ दिवस राहिले होते. दुसरं गिऱ्हाईक आठ दिवसांत कुठून आणणार? दोन लाख मी कुठूनही उभे करू शकत नव्हतो. तरी 'एकतीस' असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं.

पायरीवर बसून शेंगा फोडणाऱ्या आक्कानं विचारलं, "काय म्हणतोय रं त्यो?"

"दोन लाख कमी करा म्हणतोय, आक्का. दार दक्षिणेला आहे म्हणून."

"बरं," आक्का म्हणाली. टरफलं झटकली, पिशवीत हात घातला आणि एक गुलाबी पत्रिका बाहेर काढली. चष्मा लावून पोथी वाचावी तशी खणखणीत वाचू लागली. "आमच्या नूतन वास्तूची वास्तुशांती येत्या सोमवारी... स्थळ, गेवराई..." पुढे आमच्याच घराचा पत्ता! "हे तर आपलंच घर की रं!" मग दुकानदाराकडे वळून, "तुमच्या सासऱ्यांनी परवा आमच्या गल्लीत घरोघर वाटल्यात."

पत्रिकेवर तालुक्याच्या पुढाऱ्याचा फोटो होता, गणपतीहून मोठा. खाली 'प्रमुख उपस्थिती.'

"किती छापल्यात, भाऊ?" आक्कानं विचारलं.

दुकानदार बोटातली अंगठी फिरवू लागला. त्याच्याच साक्षीदारानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "पाचशे. आचारी पण सांगितलाय."

"म्हंजी सोमवारी पुढारी येणार, पाचशे माणूस जेवणार, आन् पूजा काय रस्त्यावर मांडता?" आक्कानं पत्रिकेची घडी घातली. "मी बत्तीसला सही करते. तिसाला माझा हात दुखतोय."

दुकानदार म्हणाला, "थांबा, सासऱ्यांना विचारतो." तो दहा पावलं लांब गेला आणि फोन कानाला लावून हातवारे करू लागला. नंबर त्यानं लावलाच नव्हता, खिशातून काढलेला फोन थेट कानाला. पण संवाद काय रंगला!

परत येऊन म्हणाला, "मानले बाबा. लई समजवावं लागलं."

"द्या की, मी बी बोलते. शेजारीच हायत आमचे."

"नको आक्का, त्यांना बीपी हाय."

सर्व्हर सुरू झाला, आकडा बत्तीसचाच पडला, अंगठे उमटले. दस्ताच्या फोटोत एकटी आक्का हसतेय. कर्मचारी तिला दोनदा म्हणाला, "बाई, हसू नका," पण ती ऐकेल तर शप्पथ.

शुक्रवारी मी बीडच्या घराची खरेदी करायला गेलो. घरमालक एक निवृत्त मास्तर, मुलाकडे राहायला जायच्या घाईत. दस्त पुढे आला. मास्तर घड्याळ बघत होते. त्यांची घाई बघून मलाही दुकानदारासारखा सुस्कारा सोडायचा मोह झाला आणि मी खाकरलो. "मास्तर, एक सांगू का..."

आक्का नवं घर बघायला म्हणून सोबत आली होती. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं.

"...पंखे राहू द्या म्हणतो," मी म्हणालो आणि ठरलेले सगळे पैसे देऊन टाकले.