चाकाखालचा दगड

आमच्या घरी ट्रक होता तेव्हा त्याच्या मागच्या चाकापुढे दगड लावायचं काम माझं होतं. संध्याकाळी लावायचा, सकाळी काढायचा. कारण हँडब्रेकची वायर झिजली होती. दांडा वर ओढला की नुसताच वर यायचा, चाक काही धरायचं नाही.

ट्रक माझ्या नवऱ्याचा आणि मोठ्या दिरांचा, दोघांचा मिळून. कोन गावच्या रस्त्याकडची जमीन गोदामाला गेली, त्यातून हा जुना ट्रक घरात आला. लूमच्या कारखान्यातून कापडाच्या गाठी उचलायच्या आणि गोदामात टाकायच्या, असा धंदा. ट्रक नवरा चालवायचा आणि नवऱ्याला दीर चालवायचे. क्लीनर ठेवायचा नाही हे त्यांनीच ठरवलं. घरात माणसं असताना क्लीनर कशाला, म्हणाले. माणसं म्हणजे मी.

ट्रकचा सेल्फही बेभरवशाचा होता, किल्ली फिरवली तरी इंजिन लागेलच असं नाही. म्हणून तो उतारावर, तोंड खाली करून लावायचे. सकाळी नवरा वर बसून पायाचा ब्रेक दाबून धरायचा, मी दगड काढायचे, मग ट्रक घरंगळायचा आणि गिअर टाकला की इंजिन सुरू व्हायचं. उताराच्या वरच्या अंगाला दिरांचं घर. खाली, जिथे वाट डावीकडे वळते, तिथे आमचं. वळणावरच आमचा ओटा. माझी मुलगी तेव्हा शाळेतही जात नव्हती, दिवसभर त्या ओट्यावर खेळायची. ट्रकचं तोंड सरळ तिच्याकडे. माझा कामात हात चालेना. भाकरी थापता थापता मी चार वेळा बाहेर येऊन दगड जागेवर आहे का बघायचे.

नवऱ्याला मी वायर बदला म्हणून किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, दादाला विचारतो. मी स्वतः दिरांना सांगू शकत नव्हते. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने मोठ्या दिराशी समोरून बोलायचं नाही. ते आले की पदर घेऊन आत जायचं. त्यांनीही तिच्या अंगाला हात लागू द्यायचा नाही, वाटेत आली तर बाजूला व्हायचं. मी तशीही कोणाशी फार बोलणारी नव्हते, त्यामुळे ही रीत मला कधी जड वाटली नव्हती. त्या वर्षी वाटली.

शेवटी जाऊबाईंच्या तोंडून निरोप पाठवला. त्याचं उत्तर दिरांनी अंगणात उभं राहून, मला ऐकू जाईल असं दिलं. "आमचा बाप बैलगाडीला हँडब्रेक लावीत व्हता का? गिअरात हाय, दगड हाय, आणखी काय पायजे? पोरीला घरात बांधून ठेव म्हनावं." जाऊबाई हसल्या. नवराही हसला. तो हसला ते मी विसरले नाही.

आधीच्या वर्षी वायरीच्या तारा तुटू लागल्या, तेव्हा दिरांनी गाठी बांधायची लोखंडी तार घेऊन ती जोडली होती. त्या जोडाचं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक सांगायचे. जोड दोन महिनेही टिकला नाही, पण कौतुक टिकलं.

मग दसरा आला. ट्रक धुतला, झेंडूचा हार घातला, काचेवर हळदीकुंकू लावलं. पूजा झाली की चारही चाकांपुढे लिंबं ठेवून गाडी त्यांच्यावरून न्यायची, अशी सगळ्याच गाडीवाल्यांची पद्धत. मी मागच्या चाकापुढे लिंबू ठेवायला वाकले तर तिथे माझा दगड. दगडाच्या बाजूला ठेवलं. दिरांना ते बरं दिसलं नाही. पूजेत धोंडा कशाला, म्हणून त्यांनी दगड पायाने लोटून दिला. पूजेनंतर गाडी पुढे घ्यायची म्हणून गिअर आधीच काढून ठेवलेला. वर कोणी बसलेलं नव्हतं. नवरा नारळ फोडायला बाजूला गेला होता.

आधी लिंबू फुटल्याचा आवाज आला. मग हार हलला.

ट्रक हळूच निघाला. मुलगी ओट्यावर बसून उरलेली झेंडूची फुलं ओवत होती. मी हातातलं ताट टाकून धावले आणि तिला दंडाला धरून ओढलं, तिचं ढोपर फुटलं. नवरा चालत्या ट्रकच्या पायरीवर चढला, आत शिरला आणि त्याने ब्रेक दाबला. तोवर बंपर ओट्याला लागला होता. ओट्याची कड ढासळली आणि पाण्याने भरलेला पितळी हंडा चेपला. ती जिथे बसली होती तिथेच हंडा होता.

दीर चालत खाली आले. ओटा बघितला, हंडा बघितला. म्हणाले, "लिंबू फुटलं, पूजा पावली."

पोरीचं नाव त्यांनी घेतलं नाही.

संध्याकाळी ट्रक मागे घेऊन पुन्हा वर उतारावर लावला आणि मी दगड लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा ट्रकमध्ये बसला आणि त्याने हॉर्न दिला. मी मुलीला शेजारी ठेवून आले आणि मागच्या चाकाजवळ त्या दगडावर हात ठेवून खाली बसले. तो म्हणाला, काढ. मी काढला नाही. ट्रक सरकला असता तर आधी मी सापडले असते, हे मला कळत होतं. त्यालाही कळलं असावं, कारण तो गिअर टाकून खाली उतरला. ऊठ म्हणाला, मी उठले नाही. मग वरून दीर आले. ओरडले, पण माझ्याकडे बघून नाही, नवऱ्याकडे बघून. कारखान्यात माल पडलाय, शेठ दुसरी गाडी बोलावील, तुला बायको आवरत नाही का. नवरा चेपलेल्या हंड्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच दादाचं ऐकून तो मला उठवायला आला नाही.

दिरांना दगड काढायचा तर मला बाजूला करावं लागलं असतं, आणि मला हात लावायचा नाही ही त्यांचीच रीत. जाऊबाईंना बोलावलं, तर त्या दारातूनच म्हणाल्या की माझी कंबर धरलीय. शेजारच्या बायका हंडे घेऊन थांबल्या होत्या. दीर थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिले, मग चप्पल आपटत गेले आणि मेस्त्रीला घेऊन आले.

मेस्त्री हिंदी बोलणारा होता. गाडीखाली गोणपाट टाकून शिरला. जुनी वायर निघता निघेना, नळीत गंजून बसली होती. निघाली तेव्हा तिच्या टोकाला दिरांची लोखंडी तार लोंबत होती. ती बघून मेस्त्रीने विचारलं, ये किसने किया? दिरांनी विडी पेटवली. नवी वायर ग्रीस लावून ओवली, टोकं बसवली, ताण दिला. नवऱ्याला दांडा ओढून सोडायला लावला, पुन्हा ताण दिला. मग गिअर काढायला सांगितला आणि मला म्हणाला, "भाभी, अब पत्थर हटाओ. नहीं हिलेगी."

मी दगडावरचा हात काढला नाही. डोक्यावर पदर होता, तो तसाच राहू दिला. दिरांकडे तोंड करून पहिल्यांदा बोलले, "दादा, तुम्ही ओट्यावर जाऊन बसा. मग काढते."

मेस्त्री पान्हा पुसत राहिला. बायका बघत होत्या. दिरांना नाही म्हणता आलं नाही, नाही म्हणायचं तर भीती वाटते म्हणावं लागलं असतं. ते गेले आणि ढासळलेल्या कडेवर बसले. एक पाय बाजूला टेकवून ठेवला होता, पळता यावं म्हणून. मी तो पाय बघितला, आणि मग सावकाश दगड काढला.

ट्रक कुरकुरला आणि जागेवर राहिला. मी लगेच उठा म्हणाले नाही. थोडं बसू दिलं.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. गावभर सांगितलं की धाकटीला लाज उरली नाही. पुढे ट्रक विकला, भाऊ वेगळे झाले, मुलगी लग्न होऊन पडघ्याला गेली. दीर आता थकलेत. काठी टेकत उतार उतरतात आणि वळणावर दम खायला उभे राहतात. ओटा तिथेच आहे. ते बसत नाहीत, आणि मी बसा म्हणत नाही.