सातवी मूठ

जळगावला गाडीतून उतरलो तेव्हा खिशात एक निरोप होता. व्हिएन्नाला लेकीकडे गेलो असताना सिनेमातल्या इंदूताई भेटल्या होत्या. एके काळी त्यांची तसबीर मी शाळेच्या वहीत लपवायचो! स्टुडिओत ध्वनियंत्र बसवायला आलेल्या परदेशी तंत्रज्ञाच्या प्रेमात पडून, ऐन बहरात त्या पडदा सोडून गेल्या. आता त्या नवऱ्याला ऐकू येत नाही. इंदूताई त्याच्याशी भुवयांनी, डोळ्यांनी बोलतात. इतका सुंदर अभिनय मी थेटरात पाहिला नव्हता.

"पारोळ्याला माझ्या भावाला विचारा," त्या म्हणाल्या होत्या, "आम्ही दोघं एकदा येऊ का? त्याला घेऊन आलीस तर उंबरा चढू देणार नाही, असं नाना म्हणाला होता."

एस.टी. एरंडोलला थांबली. शेवभाजीचा मोह मला नडला आणि निम्मा रस्सा सदऱ्यावर आला. त्याच अवतारात मी नानांच्या दारात उभा राहिलो. नानांच्या पत्नी, अक्का, डागाकडे बघून हसल्या. "एरंडोलनी शेवभाजी ना?"

श्रावण होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, खानदेशची देवी कानबाई घरात बसायची होती. तिच्या रोटांसाठी (गोड जाड पोळ्या) नाना गहू मोजत होते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. मुलगे, नातू आणि स्वतः धरून घरात पुरुष सहा. नानांनी सातव्यांदा मूठ भरली.

मला राहवेना. "सातवी कोणाची?"

अक्का म्हणाल्या, "दर सालले पडस ती मूठ. आम्ही इचारत नही."

मग मी निरोप सांगितला. नानांचा हात सुपातच राहिला. ते म्हणाले, "ती मूठ जवाईनी. त्याना मुलुखमा कानबाई कोठे शे? मंग त्यानी मूठ कोण टाकी?"

तीस वर्षं एक पत्र नाही आणि मूठ मात्र चुकली नाही! मला त्या म्हाताऱ्याचा रागही आला आणि त्याला नमस्कारही करावासा वाटला.

सोमवारी निघताना नानांनी फडक्यात दोन रोट बांधले. अक्का दचकल्या. "उंबराना बाहेर रोट जात नही."

"तिना उंबरा बी हाऊच शे," नाना म्हणाले. "दोन्ही जणले धाडा. सांगा, पुढला सालले आठे येऊन खा." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "पन तुम्ही खाऊ नका. तुम्ही बाहेरना शेतस."

पुण्याला घरी पोहोचेपर्यंत ते गाठोडं मांडीवर होतं. गुळाचा वास येत होता आणि मला भूक लागली होती. मी खादाड माणूस, गावोगावचं चाखल्याशिवाय परतत नाही. पण त्या दिवशी जळगावला दोन केळी घेतली, ती खाल्ली आणि फडक्याची गाठ आणखी घट्ट केली.