जमिनीत मुरलेलं डिझेल

उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या ठाण्यात मी ठाणेदार असताना आलेली एक तक्रार अजून मनातून जात नाही. एका रोलिंग मिलच्या मालकानं चोरीची फिर्याद दिली. जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल कमी भरत होतं आणि त्याचा संशय स्टोअरकीपरवर होता.

स्टोअरकीपर पन्नाशीचा, विदर्भातला. दिवाळीनंतरच कामाला लागलेला. चौकशीत त्याचं एकच म्हणणं होतं, "साहेब, टाकीत पट्टी टाकून मोजणं मीच सुरू केलं. तूट मीच सांगितली. चोरी करायची असती तर सांगितलं काहून असतं? पोट्टीचं लगन जुळून राहिलं. हे तिकडं समजलं तर मोडन."

मी उलटसुलट विचारलं. खोटं बोलणारा दर खेपेला आपली गोष्ट थोडी सुधारून सांगतो. हा सुधारत नव्हता. मालक मात्र अटकेसाठी हटून बसला होता.

अशात मिलमागच्या पाऱ्यातली, म्हणजे तिथल्या वस्तीतली, एक बाई पाण्याची बाटली घेऊन ठाण्यात आली. "भैया, आमच्या हातपंपाचं पाणी. वास घेऊन पाहा."

वास डिझेलचा होता. चोरीला गेलेलं डिझेल हातपंपात कसं येईल? आधी तो पंप बंद करवून पाऱ्यात पाण्याचा टँकर लावला. मग पंचांसमक्ष टाकीभोवतीची, जवळची आणि लांबची, माती काढली आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमकडे तपासायला पाठवली.

मॅडम म्हणाल्या, "सर, मातीतले काही जंतू डिझेल खातात. त्यातला पचायला सोपा भाग आधी संपवतात. टाकीपासून लांबच्या मातीत तो भाग उरलेलाच नाही. म्हणजे गळती कित्येक वर्षांची आहे."

टाकी उकरली. तळ गंजून चाळणी झाला होता. स्टोअरकीपर सुटला, मालकावर प्रदूषणाची कारवाई झाली. मी वर्दीतच तेलीबांध्याला त्याच्या होणाऱ्या जावयाच्या घरी गेलो आणि मुलाच्या वडिलांना सांगितलं, "मुलीचे वडील चोर नाहीत. तूट उघडकीला आणणारे तेच." लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

पाणी मात्र अजून खराबच होतं. मॅडमनी जमिनीत पाइप घालून हवा सोडायला लावली, जंतूंसाठी थोडं खतही दिलं.

"जंतू कुठून आणणार?" मी विचारलं.

"आणायचे कशाला? ते इथंच आहेत. खाली त्यांना हवा पुरत नाही, एवढंच."

माझी बदली झाली, तरी मी विचारपूस करत राहिलो. काही वर्षांनी प्रयोगशाळेनं ते पाणी पिण्यालायक ठरवलं.

नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगार पकडले. पण एखाद्याचा निर्दोषपणा सिद्ध करणं हाही तपासच असतो, हे मला या प्रकरणानं शिकवलं. त्यात माझे सगळ्यात भरवशाचे साक्षीदार डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हते. साक्ष देऊन ते थांबले नाहीत, पाऱ्याचं पाणीही त्यांनीच साफ केलं.