ब्रेक ठीक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि ती तर त्या दिवशी गाडीतच होती. तुला सांगतोय. मध्ये अडखळलो तर अडखळू दे.

शहाऐंशी साल असेल. मुलुंडच्या एका कारखान्यात नवी छोटी मोटार बनत होती. अख्ख्या दुनियेत एकच नग, हाताने ठोकून केलेला. मी आणि कांबळे, आम्ही दोघं ती रस्त्यावर चालवून बघायचो. ठरलेला रस्ता मुलुंड ते घाटकोपर आणि परत. सीटवर माणसांच्या वजनाची वाळूची पोती बांधलेली — आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो. संध्याकाळी वहीत लिहायचं: इंजिन, क्लच, ब्रेक. आणि जो खोट लिहील, त्याने दुसऱ्या दिवशी साहेबांना शेजारी बसवून, खोट जिथे दिसली त्याच जागी न्यायचं.

कांबळे साताऱ्याकडचा. माझा जिगरी. गाडी अशी चालवायचा, की पाहुणे जागचे हलायचे नाहीत.

त्या रविवारी गाडी माझ्याकडे होती. बायको महिनाभर मागे लागलेली, "अहो, पोरांना एकदा तरी बसवा ना!" मोह झाला. घाटकोपरला आमच्या चाळीपाशी पोती उतरवली, बायको-पोरांना बसवलं आणि थेट जुहू. वजन तेवढंच ना — असं मनाला सांगितलं. पोरांनी भेळ खाल्ली, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात केले. काय ऐट माझी!

परतताना असल्फ्याच्या उतारावर ब्रेकचं पेडल तळाला गेलं. नुसतं — गेलं. पुढे एक बस. दोनदा, तीनदा दाबलं, तेव्हा कुठे धरलं. पोरं हसत होती, त्यांना गंमत वाटली.

म्हणजे मला कळलं होतं. हे नीट ऐक — कळलं होतं.

वही उघडली. पेडल बसलं, एवढंच तर लिहायचं. पण असल्फा ठरलेल्या रस्त्यावर नव्हतंच, मग साहेबांना तिथे कसं नेणार? तिथे काय करत होतास, विचारलं असतं. नोकरी गेली असती. दुसरी एखादी जागा सांगितली असती तर? चाललं असतं की! पण मी इतका टरकलो होतो, की — नाही, तेही कारण नको. मी लिहिलं, ब्रेक ठीक.

सोमवारी सकाळी गाडी कांबळेने नेली. मी गेटवर उभा होतो. त्याने हात केला, मीही केला. तेव्हाही एक हाक पुरली असती, नाही का?

कांजूरमार्गला पेडल गेलं. समोर बसस्टॉपवर माणसं, म्हणून त्याने गाडी भिंतीवर घातली. डावा पाय कायमचा अधू झाला. धडकेत ब्रेकचे पाइपच तुटले, त्यामुळे गाडीवरून काही कळेना. राहिली वही. चौकशीत कांबळे माझ्याकडे बघून म्हणाला, "आदल्या दिवशी तूच चालवलीस ना रे? सांग ना यांना." मी सांगितलं — वहीत होतं तेच. बेफाम चालवल्याचा ठपका ठेवून त्याला काढलं.

त्याच्या घरी मी जात राहिलो. फळंबिळं घेऊन! वर्षभर तो म्हणायचा, पेडल बसलं होतं, आईशप्पथ. मग कमी म्हणायला लागला. पुष्कळ वर्षांनी एकदा, चहा पिता पिता, आपणहून म्हणाला, "माझाच पाय उशिरा पडला असेल यार."

मी म्हटलं, "होतं रे असं."