आयतखाऊ झाडाला आत्याचं नाव

आमचे आजोबा शिंपी. दुकान केव्हाच बंद केलं, तरी टेप अजून गळ्यात असतो आणि बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या तोंडाकडे न जाता कॉलरकडे जाते. एकदा तपासायला आलेल्या डॉक्टरलाच म्हणाले, "डावा खांदा उतरलाय तुमचा." डॉक्टर बिचारा खांदा चाचपत बसला. आजोबा शर्टाबद्दल बोलत होते.

दुकान आपण एकट्याच्या हिमतीवर उभं केलं, हे ते ओळख झाल्या झाल्या सांगतात. घरातलं कुणी कधी दुसऱ्याच्या जिवावर जेवलं नाही, हे त्याच्या पाठोपाठ. म्हणून धाकट्या लेकीचं, म्हणजे माझ्या आत्याचं नावसुद्धा त्यांनी अर्थ बघूनच ठेवलं: कुणाच्या आधारावाचून उभी राहणारी. चालायला शिकताना ती धपकन बसली की हे हात द्यायचे नाहीत. "नावाला जाग," म्हणायचे. शेजारीण म्हणायची, "अहो, आधी तिला दात तरी येऊ द्या."

आत्या वनस्पती उद्यानातल्या काचघरात काम करते. गेल्या वर्षी संशोधकांबरोबर एका लांबच्या बेटावर गेली होती. तिथे एका झुडपाखाली तिला असं फूल दिसलं, जे आजवर कुणी नोंदवलेलंच नव्हतं. पान नाही, हिरवा ठिपका नाही. मातीतून थेट फूल वर येतं आणि पोट भरतं त्या झुडपाच्या मुळांवर. आता त्याला जिने शोधलं तिचंच नाव द्यायचं ठरलं. उद्यानाच्या बाईंचा फोन आला, उद्यापर्यंत होकार कळव.

"म्हणजे बांडगूळ," आजोबा जेवताना म्हणाले.

"बांडगूळ फांदीवर असतं, अण्णा. हे मुळावर."

"म्हणजे लपून खातं. आणखी वाईट."

माझे बाबा मधे पडले. "अण्णा, मान आहे हा. जगभर वाचतील तिचं नाव."

"तेच तर. मी अर्थ बघून ठेवलेलं नाव त्या आयतखाऊला लावणार, आणि वर जगभर वाचणार."

आत्याने घास खाली ठेवला. "तुम्ही नको म्हणालात तर नकार कळवते. पण एकदा बघा, मग नको म्हणा."

आत्याची नक्कल मला झोपेतही जमते. पण हा आवाज मी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता.

सकाळी आम्ही काचघरात गेलो. एका मोठ्या कुंडीत बेटावरून आणलेलं झुडूप होतं आणि त्याच्या बुडाशी ते तपकिरी फूल. आजोबांनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. ते बाजूच्या टेबलावरच्या एका वाळलेल्या मुळाशी थांबले. मुळाचं टोक लाकडाच्या झालरीसारखं उमललेलं होतं. आजोबांनी चष्मा पुसला आणि त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"या चुण्या कुणी घातल्या?"

"दोघांनी मिळून. हे जिथे चिकटतं तिथे झुडपाचं मूळ असं फुलत जातं."

"आणि शिवण?"

"ती सापडत नाही. एक कुठे संपतं, दुसरं कुठे सुरू होतं, भिंगातूनही धड ठरवता येत नाही."

आजोबांनी गळ्यातला टेप काढला, चुण्यांवर धरला आणि न मोजताच खाली घेतला.

"घेराच्या झग्याला अशा चुण्या घालायच्या तर तुझी आई लागायची. ती कापड धरायची, मी टाचायचो. ती गेली आणि मी झगे घेणंच सोडलं. गिऱ्हाइकं म्हणायची, हात चांगला आहे. कुणाचा, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

आजोबांनी टेप पुन्हा गळ्यात अडकवला.

"नाव देऊन टाक."

"आणि अर्थ?"

"अर्थ मी जरा घट्ट शिवला होता. थोडा सैल करू." मग खाकरून म्हणाले, "पुढे माझं नाव लागेल ना?"

"एकाच शब्दाची जागा असते, अण्णा."

"बापाचं नाव नाही? मग लोकांना कळणार कसं, कुणाची ते?"

आत्याने हसत तिथूनच फोन लावला. ती हो म्हणते न म्हणते तोच आजोबांनी सबंध काचघराला ऐकू जाईल असं सांगितलं, "आईवडील शिंपी होते, तेही लिहा म्हणावं."

पलीकडून बाईंचं हसू ऐकू आलं. "नावात बसणार नाही हो, पण माहितीत घालू."

"घाला. आईचं आधी."